गज, रीप आणि मधली फट

गणपतीच्या आठ दिवस आधी गुहागरातलं बंद घर उघडलं, की डोळ्यांआधी नाकाला कळतं, कुठलं सामान पावसाळ्यात तगलं आणि कुठलं गेलं. भिंतीला चिकटवून जमिनीपासून छतापर्यंत बांधलेलं कपाट उघडावं, तर कुबट वासाचा भपकारा येतो. मागच्या प्लायवर बुरशीचे पांढरे-हिरवे डाग पडलेले असतात. बॉक्सच्या पलंगात ठेवलेल्या गाद्यांची तीच गत. त्याच घरात ओटीवरचा जुना बाक मात्र चार बारीक पायांवर उभा असतो, भिंतीपासून चार बोटं सुटा, बसायला सलग फळीऐवजी पट्ट्या. फडक्यानं धूळ पुसली की झाला तयार.

दोन्ही सामान एकाच छपराखाली, एकाच पावसात राहिलं. फरक हवेचा. बाकाच्या वरून, खालून, मागून वारा फिरला. कपाटाच्या मागे तो कधी पोचलाच नाही.

इथल्या जुन्या घरांची डागडुजी आणि आतली मांडणी हे माझं रोजचं काम. मुंबई-पुण्याहून येणारी मंडळी मोबाइलवर चित्रं दाखवतात: काड्यांसारख्या पायांची टेबलं, उभ्या लाकडी पट्ट्यांचे आडोसे, भिंतीतून नुसत्याच बाहेर आलेल्या फळ्या. व्याडेश्वराच्या दर्शनाला वर्षातून दोनदा येणार, उरलेले दिवस घर बंद. ‘कमीत कमी सामान हवंय, तेही नाजूक,’ असं म्हणतात. या आवडीला मी मनापासून साथ देते, कारण समुद्राकाठच्या दमट हवेला असंच सामान मानवतं. माझी अट एकच असते. घरात जी काडी येईल तिला काहीतरी काम हवं, आणि दोन काड्यांमधली फट जपायला हवी. एवढं पाळलं तर बारीक सामान पुढच्या पिढीपर्यंत जातं. नाही पाळलं तर दुसऱ्या पावसाळ्यातच डुगडुगायला लागतं.

चित्रं बाजूला ठेवून आधी आपल्याच घरात बघा. वाडीच्या तोंडाशी बेडं असतं, दोन खांबांच्या भोकांत सरकवलेले तीन-चार आडवे बांबू. गुरं अडतात, माणूस बांबू सरकवून आत येतो, वारा मात्र आरपार. ओटीवर आलं की खिडकीचे गज. मान वर केली की वासे, वाशांवर रिपा, रिपांवर कौलं. माजघरात उंचावर टांगलेली सोवळ्याची दांडी, स्वयंपाकघरात शिंकाळं, पडवीत झोपाळ्याच्या कड्या. बारीक रेघांचं हे सगळं घर आपल्या पणजोबांनी कुठलंही चित्र न बघता उभं केलं. त्यातली एकही रेघ शोभेसाठी ओढलेली नाही, आणि तरी घर देखणं आहे.

एक खिडकी नीट मापून बघा. साधारण तीन फुटांची चौकट, सागाची नाहीतर फणसाची, आणि तिच्यात पाच सुती उभे गज. आठ सुतांचा इंच, हे सुताराशी बोलताना लक्षात ठेवा. तो मिलिमीटरपेक्षा सुतात चटकन हिशोब करतो. दोन गजांमध्ये साडेतीन-चार इंचांची मोकळी जागा असते. म्हणजे लोखंडानं अडवलेली जागा खिडकीच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी, बाकी सगळी वाऱ्याची. पण खरी गंमत मधल्या आडव्या पट्टीत आहे. त्या पट्टीला भोकं पाडून गज तिच्यातून ओवलेले असतात. ती पट्टी नसती तर कुणीही दोन गज हातांनी फाकवून आत शिरला असता. पाच सुतांचा गज तेवढ्या उंचीला पुरतो, तो या एका आडव्या आधारामुळे. गज जाड करत बसण्यापेक्षा मध्ये एक आधार द्यावा, हे त्या कारागिरानं ओळखलं होतं. तुमच्या टेबलाचे पाय बारीक हवे असतील तर तेही असंच मागतील: खाली, जमिनीपासून पाऊण-एक फुटावर, पायांना जोडणारी एक बारीक आडवी दांडी.

आणि गजांचा रंग बघा. काळा, नाहीतर गडद हिरवा. बाहेरच्या उजेडासमोर गडद रेघ आहे त्याहून बारीक दिसते आणि नजर पलीकडे जाते. पांढरा गज उजेडात चकाकतो, जाड वाटतो, नजर त्याच्यावरच अडते. ज्या खिडकीतून वाडी बघायची आहे तिला पांढरा रंग देऊ नका.

आता झोपाळा. चार कड्यांवर चार माणसं बसतात, वर पोरं उभी राहून झोके घेतात, आणि त्या कड्या बोटाएवढ्या जाड असतात. हे कसं जमतं? त्यांना फक्त ओढ सोसायची असते. दहा मिलिमीटरचा साधा लोखंडी गज सरळ ओढीत टनभर वजन बिनघोर पेलतो. तोच गज सहा फुटांचा कापून जमिनीवर उभा करा आणि माथ्यावर वजन ठेवत जा. तीसेक किलोलाच तो मधून धनुष्यासारखा वाकेल. ओढली जाणारी काडी बारीक चालते, दाबली जाणारी काडी जाड लागते. आणि दाबल्या जाणाऱ्या काडीची लांबी दुप्पट केली तर तिची ताकद निम्मी होत नाही, पाव होते. मला वाटतं, बारीक सामान करू पाहणाऱ्या प्रत्येकानं सुताराकडे जाण्याआधी एवढी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी.

म्हणून जिथे खरोखर बारीक रेघ हवी आहे, तिथे आधी बघा की वस्तू टांगता येते का. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चार पायांची मांडणी उभी करण्याऐवजी वाशाला किंवा स्लॅबला चार बारीक सळया टांगून त्यांत दोन फळ्या अडकवा. ते शिंकाळंच झालं, फक्त लाकूड-लोखंडाचं. खालचा ओटा मोकळा राहतो, मुंग्यांना चढायला वाट कमी मिळते, पुसायला सोपं. एक सावधगिरी घ्या. वजन सळईत मावतं, पण वर ती कशाला धरून आहे ते तपासा. स्लॅबमध्ये अँकर फास्टनर आतल्या काँक्रीटपर्यंत गेला पाहिजे, गिलाव्यात नव्हे. खोट्या छताला काही टांगू नका. आणि आपल्या चिऱ्याच्या भिंतींबद्दल विशेष सांगते: चिरा भुसभुशीत आणि छिद्राळ, त्यात छोटा प्लास्टिकचा प्लग वर्षभरात सैल होतो. हवेत तरंगणारी फळी चिऱ्याच्या भिंतीवर लावायची असेल तर आधी भिंतीला लांब बोल्टांनी एक जाड लाकडी पट्टी पक्की करा आणि फळी तिच्यावर बसवा. पट्टी फळीच्या मागे झाकली जाते.

फळीचं गणितही सांगून टाकते, कारण सगळ्यात जास्त तक्रारी तिच्याच येतात. नवीन घरातली पुस्तकांची लांबलचक पातळ फळी पहिल्या दिवशी सरळ असते आणि दोन वर्षांत मधून झोळीसारखी लोंबते. फूटभर पुस्तकं आठ-दहा किलोंची होतात, हे आपण विसरतो. जाडी दुप्पट केली तर वाक आठपट कमी होतो. पण जाडी न वाढवता आधार तीन फुटांऐवजी दोन फुटांवर दिला, तरी वाक पाचपट कमी होतो. अठरा मिलिमीटरच्या प्लायला पुस्तकांसाठी अडीच फुटांपलीकडे मोकळं सोडू नका. मध्ये आधार नकोच असेल तर फळीच्या मागच्या कडेला खालून दीड इंचाची उभी पट्टी मारून घ्या. समोरून फळी पातळच दिसते, भार ती मागची पट्टी उचलते. पुढची कडही खालच्या बाजूनं तिरकी तासली, तर इंचाची फळी अर्ध्या इंचाची वाटते. ही लबाडी नाही, आपले जुने सुतार पाटाच्या कडाही अशाच तासायचे. त्यानं पाट बोटांत धरून उचलायलाही सोपा होतो.

पाय बारीक करायचे तर सांध्याकडे बघा. खुर्चीचा पाय मधून क्वचितच मोडतो. तो मोडतो किंवा खिळखिळा होतो तो बैठकीजवळच्या जोडात. इटलीच्या जिओ पाँटी यांनी केलेली ‘सुपरलेजेरा’ खुर्ची १९५७ साली कासिना कंपनीनं बाजारात आणली. तिचं वजन १.७ किलो, आणि पाय त्रिकोणी छेदाचे, जेमतेम १८ मिलिमीटरचे. म्हणजे एका बोटावर उचलता येणारी खुर्ची. ती टिकली याचं श्रेय अ‍ॅश नावाच्या चिवट लाकडाला आहे आणि त्याहून जास्त तिच्या जोडांना. त्याच्याही आधी, १८५९ साली, थोनेट कंपनीनं वाफेवर वाकवलेल्या लाकडाची १४ नंबरची खुर्ची आणली होती. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, बस्स. जोड कमी केले म्हणून तुटायच्या जागाही कमी झाल्या.

आपल्या सुताराला हे असं सांगा. सागाचा पाय वर, बैठकीच्या पट्टीशी, सव्वा ते दीड इंच ठेवायचा, तिथे लाकूड कापायचं नाही. त्याखाली तो उतरत उतरत तळाशी पाऊण इंचावर आणायचा, आणि तासायचा तो आतल्या दोन अंगांनी. बाहेरची अंगं सरळ राहिली की पाय ताठ वाटतो. जोड कुसू-भोकाचाच हवा. नुसत्या स्क्रूवर किंवा लोखंडी कोनावर उभा केलेला बारीक पाय आपल्या हवेत टिकत नाही, कारण लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं आणि स्क्रू मात्र तेवढाच राहतो. दरवर्षी भोक थोडं मोठं होतं. कुसू लाकडाचंच असल्यानं तेही भोकाबरोबर फुगतं, आकसतं.

पाय तयार झाला की उलटा करून त्याच्या तळाला पॉलिश लागलंय का, ते बघा. हे बहुधा राहून जातं. लाकूड पाणी पितं ते त्याच्या कापलेल्या टोकातून, आणि फरशी पुसताना रोज तिथेच ओल लागते. तळाला पॉलिशचे तीन हात द्या, वर नायलॉनचं बटण किंवा पितळेची टोपी ठोका. पाव इंच उंचीचा हा बंदोबस्त पायाचं आयुष्य वाढवतो. जवसाचं कच्चं तेल चोळून लाकूड नैसर्गिक ठेवायचं, असा सल्ला बऱ्याचदा वाचायला मिळतो. कोरड्या गावात तो ठीक आहे. इथे ओल्या हवेत कच्च्या तेलावर बुरशी धरते.

लोखंडी पायांची हौस असेल तर समुद्र किती जवळ आहे, ते आधी मोजा. खारा वारा पोकळ पाइपच्या आतून काम करतो. बाहेरचा रंग शाबूत दिसतो आणि एक दिवस पाय खालून पापडासारखा फुटतो. म्हणून पोकळ पाइपपेक्षा भरीव गज घ्या, तो बारीकही चालतो. पाइपच घ्यायचा असेल तर त्याची टोकं वेल्डिंगनं पूर्ण बंद करून घ्या आणि रंगाआधी जस्ताचा थर द्या. स्टीलमध्ये ३०४ जातीवर समुद्राजवळ चहासारखे डाग पडतात. वाळूच्या अंगाला असलेल्या घरांना ३१६ घेणंच बरं.

आता पट्ट्यांचा आडोसा. ओटी आणि माजघर यांच्यामध्ये भिंत नको, पण आलेल्या माणसाला थेट आतलं दिसायलाही नको, ही बहुतेक घरांची गरज. इथे उभ्या पट्ट्या उत्तम काम करतात, मात्र मापं जुळली तरच. फट एक इंच ठेवली तर पट्टीची खोली दोन इंच हवी. मग अगदी समोर उभं राहिलं की आरपार दिसतं, दोन पावलं बाजूला सरकलं की आडोसा भिंतीसारखा बंद होतो. पातळ पट्ट्या चपट्या बसवल्या तर सगळीकडून सारखंच अर्धवट दिसतं, त्यात ना आडोसा ना मोकळेपणा. बाकाच्या बैठकीत फटी दोन सुतांपेक्षा कमी ठेवा किंवा चार सुतांपेक्षा जास्त. मधल्या मापात लहान मुलांची बोटं अडकतात. पडवीच्या कठड्याला चार इंचांहून मोठी फट नको, आणि पट्ट्या उभ्याच हव्यात. आडव्या पट्ट्या म्हणजे मुलांसाठी शिडी. शिवाय आडव्या पट्टीवर धूळ, कोळिष्टकं आणि पालीची घाण साचते, ती रोज कोण पुसणार?

पश्चिमेच्या बाजूचा प्रश्न अवघड आहे, आणि त्याचं सोपं उत्तर कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. मे महिन्यातलं उतरतं ऊन वायव्येच्या अंगानं आत घुसतं, तर पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो. एका दिशेला तिरक्या बसवलेल्या पट्ट्या दोन्ही अडवू शकत नाहीत. जुन्या घरांनी हे काम खोल पडवीवर आणि खाली उतरलेल्या पाख्यावर सोपवलं होतं, आणि पावसाळ्यापुरते झावळ्यांचे झाप बांधले होते. आजही पडवी आधी, पट्ट्या नंतर. पट्ट्या लावायच्याच तर उघडता-मिटता येणाऱ्या झडपांत लावा. अलिबागच्या दक्षिणेला नांदगावला बिजॉय जैन यांच्या ‘स्टुडिओ मुंबई’नं ‘पामिरा हाउस’ बांधलं, ते २००७ साली पूर्ण झालं. माडांच्या बागेत दोन लांबट लाकडी इमारती आहेत आणि त्यांच्या अंगाला ताडाच्या पट्ट्यांच्या झडपा. आपल्याच किनाऱ्याची हवा, आपल्याच ओळखीचं झाड, आणि प्रत्येक पट्टी ऊन गाळायच्या, वारा सोडायच्या कामाला लावलेली. या लेखातली एकच गोष्ट शोधून बघणार असाल, तर त्या घराची छायाचित्रं बघा.

ताड तिथे, तशी आपल्याकडे पोफळ. गुहागरच्या वाड्यांत जुनी पोफळ पडली की ती मांडवाला नाहीतर गोठ्याला जाते, आणि हेच लाकूड आडोशासाठी फार चांगलं आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. २०२० साली ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा उत्तरेला दापोली-मंडणगडकडे बागाच्या बागा आडव्या झाल्या. त्यातली कितीतरी खोडं जागेवर कुजून गेली, याची मला अजून हळहळ वाटते.

पोफळीचं लाकूड सागाच्या उलट असतं. सागात ताकद गाभ्यात. पोफळीचा गाभा मऊ, भुसासारखा, आणि ताकद सगळी सालीलगतच्या इंचभर कडेत. म्हणून खोड उभं चिरायचं आणि आतला गाभा खरवडून टाकायचा. हातात उरते ती फिकट रंगाची, गडद तपकिरी दोऱ्यांनी विणल्यासारखी दिसणारी रीप, दहा-बारा फूट लांब आणि जवळजवळ सरळ. बुंध्याकडची घट्ट, शेंड्याकडची हलकी. आडोशाला बुंध्याकडचीच निवडा. झाड कोवळं असेल तर घेऊ नका. चिरल्यावर सावलीत, खाली ठोकळे देऊन दोन-तीन महिने वाळवा. रंधा मारताना आणि नंतर हात फिरवताना जपा, तिचे दोरे सुटून बोटात कुसळ जातं आणि ते सहज निघत नाही. सगळ्या कडा काचकागदानं गोल करा. थेट खिळा मारला तर रीप टोकापासून उभी फाटते, आधी बारीक ड्रिल मारूनच स्क्रू घाला.

बांबू घ्यायचा तर भरीव माणगा घ्या, आणि बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात मुरवून घेतलेलाच. नाहीतर वर्षभरात खाली पिवळा भुगा पडायला लागेल. हे औषध पावसात धुऊन जातं, त्यामुळे असा बांबू घराच्या आतच वापरायचा. सिंधुदुर्गात कुडाळला ‘कोनबॅक’ संस्थेत बांबूचं हे काम बघायला मिळतं.

जुनं घर पाडत असाल तर वासे भंगारात देऊ नका. साठ-सत्तर वर्षं छपराखाली वाळलेलं ते लाकूड आता सहसा पिळणार नाही, वाकणार नाही. दोन बाय तीनच्या एका वाशातून खुर्चीचे दोन पाय सहज निघतात. करवतीला देण्याआधी चुंबक फिरवून मोडके खिळे तेवढे काढा.

आणि एक गोष्ट करू नका, असं कळकळीनं सांगते. भिंतीवर चिकटवायची पन्हळीदार पॅनेलं सध्या प्रत्येक दुकानात आहेत. लांबून पट्ट्या दिसतात, पण त्यांच्यामध्ये फट नाही, मागे हवा नाही, त्या काही उचलत नाहीत की अडवत नाहीत. चिऱ्याची भिंत पावसाळ्यात ओल सोडते. ती ओल पॅनेलाच्या मागे कोंडते. लाकडाच्या लगद्याचं पॅनेल असेल तर ते खालून फुगत वर चढतं. हौस दांडगी असेल, तर भिंतीपासून दोन इंच सुट्या खऱ्या रिपा मारा, वर-खाली मोकळ्या, आणि त्यांच्यात खुंट्या बसवा. छत्र्या, टोप्या, पंचे टांगले जातील आणि भिंत श्वास घेईल.

सुताराला बोलावण्याआधी एक आठवडा हा खेळ करून बघा. जिथे आडोसा हवा आहे तिथे वरच्या तुळईला आणि खाली एका फळीला काथ्या बांधून, ठरवलेल्या अंतरावर सात-आठ रिपा नुसत्या उभ्या करा. टेबलाचं माप खडूनं जमिनीवर आखा आणि पायांच्या जागी चार विटा ठेवा. मग घरात नेहमीसारखं वावरा. केरसुणी कुठे अडते, आजीचा हात आधाराला कुठे जातो, दाराशी आलेल्या माणसाला आतलं किती दिसतं, ते बघा. संध्याकाळी सुरूच्या बनाकडून ऊन आलं की रिपांच्या सावल्या जमिनीवर कुठवर पोचतात, तिथे खडूनं खूण करा. रीप काढा, सरकवा, पुन्हा बांधा. आठव्या दिवशी ती खूण आणि तो काथ्या तसाच ठेवून सुताराला घरी बोलवा, आणि कागदाऐवजी तेच दाखवा.